कमी पैशांतला फ्रेंच भयपट: जोर कुठे आहे, कच्चा कुठे आहे

पॅरिसच्या पिगाल भागात, र्यू शाप्ताल या रस्त्याला लागून असलेल्या एका बोळात १८९७ साली एक नाट्यगृह सुरू झालं. इमारत मूळची छोट्या चर्चची, आणि प्रेक्षकांना बसायला जागा तीनशेच्या आतच. नाव ग्राँ गिन्योल. एका संध्याकाळी इथे चार-पाच छोट्या नाटिका व्हायच्या. एक थरकाप उडवणारी, मग एक हसवणारी, पुन्हा एक थरकाप उडवणारी. रंगमंचावर डोळे काढले जायचे, गळे चिरले जायचे, वेड्यांच्या इस्पितळात भलतंसलतं घडायचं. भुतंखेतं मात्र क्वचितच. भीती होती ती माणसाची, आणि माणसाच्या शरीराचं काय काय होऊ शकतं याची.

सभागृह इतकं लहान की समोरचा प्रेक्षक नटाच्या चेहऱ्यावरचा घामसुद्धा पाहू शकायचा. लबाडी लगेच पकडली जाणार. म्हणून बनावट रक्त किती दाट हवं, सुरी कुठल्या हातात हवी, दिवा नेमका कधी मंद करायचा, याचं पक्कं शास्त्र तिथे तयार झालं. ते नाट्यगृह १९६२ साली बंद पडलं. पण पुढे कमी पैशांत भयपट करणाऱ्या फ्रेंच दिग्दर्शकांचं काम पाहिलं की याच शाळेची आठवण येते. बंद खोलीतलं शरीर त्यांना फार चांगलं कळतं. त्या खोलीबाहेरची गोष्ट सांगायची वेळ आली की मात्र ते चाचरतात. या चित्रपटांचे गुण आणि दोष, दोन्ही मला याच एका ठिकाणाहून निघालेले दिसतात. ते कसे, हे नीट समजायचं तर आधी पैशांचं गणित पाहायला हवं.

पैसा येतो कुठून?

फ्रान्समध्ये ‘लो-बजेट’ म्हणजे ढोबळमानाने दहा ते तीस लाख युरो. रुपयांत दहा ते तीस कोटी. मराठी निर्मात्याला हा आकडा ऐकून नवल वाटेल, कारण आपल्याकडे एवढ्यात मोठा चित्रपट उभा राहतो. पण तिथे तंत्रज्ञांचे पगार, कामाचे तास, विमा हे सगळं नियमांनी बांधलेलं आहे आणि साध्या, कुठलाही थाट नसलेल्या चित्रपटालाही चाळीस-पन्नास लाख युरो सहज लागतात. त्यामुळे वीस लाखांत भयपट करायचा म्हणजे शूटिंगचे दिवस कमी, माणसं कमी, जागा कमी. त्यातून कात्री लागते ती पटकथेवर पुन्हा पुन्हा बसण्याच्या वेळेला.

फ्रान्समध्ये सिनेमाला सरकारी पाठबळ भरपूर आहे, मग भयपटाचीच ओढाताण का? याचं उत्तर त्या पाठबळाच्या रचनेत आहे. तिथे १९४६ पासून सीएनसी नावाची राष्ट्रीय संस्था आहे. थिएटरात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक तिकिटावर, मग चित्रपट फ्रेंच असो की हॉलीवूडचा, १०.७२ टक्के कर लागतो आणि तो पैसा चित्रपटसृष्टीतच परत येतो. परत येण्याच्या वाटा दोन. पहिली वाट आपोआपची: तुमचा आधीचा चित्रपट जितका चालला, त्या प्रमाणात पुढच्यासाठी रक्कम मिळते. दुसरी निवडीची: समिती पटकथा वाचते आणि आवडली तर उत्पन्नावरची उचल, म्हणजे चित्रपटाच्या पुढच्या कमाईतून फेडायची आगाऊ रक्कम, देते. ही उचल देण्याची पद्धत १९५९ पासूनची.

आता भयपटाच्या निर्मात्याच्या जागी उभं राहून पाहा. आधीचा चित्रपट तिकीटबारीवर पडलेला, म्हणून पहिल्या वाटेने फारसं काही येत नाही. दुसऱ्या वाटेवर बसलेली मंडळी वर्षानुवर्षं नातेसंबंधांवरचे, समाजावरचे गंभीर चित्रपट निवडत आलेली. भयपट त्यांच्या लेखी हलका माल. राहिल्या टीव्ही वाहिन्या. कायद्याने त्यांना आपल्या उत्पन्नाचा काही भाग चित्रपटनिर्मितीत घालावाच लागतो. पण वाहिनीला हवा असतो रात्री नऊला घरच्या सगळ्यांसोबत बघता येईल असा चित्रपट. ‘१६ वर्षांखालील मुलांना मनाई’ असा शिक्का बसला की खुल्या वाहिनीवर तो साडेदहाच्या आधी दाखवताच येत नाही. मग त्यात पैसे कोण घालणार? उरते कानाल प्लुससारखी पैसे भरून बघायची वाहिनी. २००० नंतरच्या दशकातले बरेच भयपट उभे राहिले ते तिच्या आधाराने.

हा शिक्का किती जिव्हारी लागतो याचं उदाहरण म्हणजे पास्काल लोजिए या दिग्दर्शकाचा ‘मार्तीर’ (२००८). वर्गीकरण समितीने त्याला १८ वर्षांखालच्यांना मनाईची शिफारस केली. फ्रान्समध्ये हा शिक्का फार क्वचित, तोही बहुतेक उघड लैंगिक दृश्यांसाठी वापरला जातो. तो बसला असता तर थिएटरं आणि टीव्ही दोन्हीकडची दारं बंद झाली असती. चित्रपटवाल्यांनी आवाज उठवला, सांस्कृतिक मंत्रालयाने फेरविचार करायला सांगितलं आणि शेवटी १६ वर्षांची मर्यादा व सोबत इशारा, यावर निभावलं. एका लहान चित्रपटाचं आयुष्य दोन वर्षांच्या फरकावर टांगलेलं होतं.

एक घर, चार माणसं

पैसे कमी असले की पहिली गोष्ट होते ती जागा आटते. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सगळं युनिट हलवणं म्हणजे अर्धा दिवस वाया, नवं लायटिंग, नव्या परवानग्या. एकच जागा धरली की तो वाचलेला वेळ दृश्यांवर घालता येतो. फ्रेंच भयपटांनी ही गरज इतकी मनापासून स्वीकारली की त्यातून एक शैली तयार झाली.

एरिक व्हालेतचा ‘मालेफीक’ (२००२) जवळपास पूर्ण वेळ तुरुंगाच्या एका कोठडीत घडतो. चार कैदी, भिंतीत सापडलेली एका जुन्या कैद्याची वही, तिच्यातले मंत्रतंत्र. बस्स. पण त्या वहीच्या निमित्ताने चौघांपैकी प्रत्येकाची सुटकेची कल्पना काय आहे ते उघडं पडत जातं, आणि भिंती जवळ येत असल्यासारख्या वाटू लागतात. मोठं बजेट असतं तर दिग्दर्शकाला बाहेरची दुनिया दाखवायचा मोह आवरला नसता.

दोमिनिक रोशेचा ‘ला न्वी आ देव्होरे ल माँद’ (२०१८, इंग्रजीत ‘द नाइट ईट्स द वर्ल्ड’) मला याहूनही सरस वाटतो. पार्टीच्या गडबडीत एका खोलीत झोपलेला तरुण सकाळी उठतो तेव्हा अख्खं पॅरिस झोंबींच्या ताब्यात गेलेलं असतं. झोंबीपट म्हटला की गर्दी हवी, मोडलेली शहरं हवीत, गाड्यांचा खच हवा. इथे तेवढे पैसेच नाहीत. म्हणून चित्रपट त्या जुन्या पॅरिसच्या इमारतीत राहतो. वरच्या मजल्यांवरची रिकामी घरं, दुसऱ्यांच्या कपाटातलं धान्य, जिना, गच्ची. झोंबी इथे गुरगुरत नाहीत, एकदम मुके आहेत. त्यामुळे एरवी ज्याकडे लक्षही गेलं नसतं तो प्रत्येक आवाज मोठा होतो. नायक घरातल्या वस्तू वाजवून संगीत करतो. एकदा न राहवून ड्रम बडवतो, तर खाली रस्त्यावर झोंबी जमू लागतात. त्या इमारतीची लिफ्ट जुन्या पद्धतीची, जाळीच्या पिंजऱ्याची. तिच्यात एक म्हातारा झोंबी अडकलेला आहे. नायक त्याच्याशी जाळीच्या अलीकडून बोलत बसतो, मन मोकळं करतो. देनी लाव्हाँ या कसलेल्या नटाने ही भूमिका एकही शब्द न उच्चारता केली आहे. एक जाळी, एक नट आणि बोलायला कुणी न उरलेला माणूस, एवढ्या सामग्रीवर हा प्रसंग उभा आहे.

‘ईल’ (२००६, इंग्रजीत ‘देम’) हे तिसरं उदाहरण. दाव्हिद मोरो आणि झाव्हिए पालू या जोडीचा. बुखारेस्टजवळच्या एका मोठ्या घरात राहणारं फ्रेंच जोडपं, रात्र, आणि बाहेर कुणीतरी. चित्रपट जेमतेम सव्वा तासाचा. हल्लेखोर जवळजवळ दिसतच नाहीत. दिसतो तो अंधार आणि ऐकू येतात विचित्र आवाज. न दाखवणं स्वस्त पडतं हे खरं. पण इथे नुसती काटकसर नाही. काय दाखवायचं नाही याचा निर्णय पहिल्या दृश्यापासून घेतलेला आहे आणि शेवटपर्यंत पाळलेला आहे. तक्रार एवढीच की त्या दोघांबद्दल आपल्याला फारसं काही कळत नाही. ती वाचावीत असं वाटतं ते केवळ माणुसकीच्या नात्याने.

हाताने केलेलं काम

आता शरीराकडे येऊ. जॉर्ज फ्रांजूचा ‘लेझ्यू सां व्हिझाज’ (१९६०), म्हणजे ‘चेहरा नसलेले डोळे’, आजच्या अर्थाने लो-बजेट नव्हे. पण पुढच्या सगळ्यांनी धडे गिरवले ते याच पाटीवर. हा फ्रांजू म्हणजे आँरी लांग्ल्वाबरोबर १९३६ साली सिनेमातेक फ्राँसेझ ही चित्रपट जतन करणारी संस्था काढणारा माणूस. कथा एका शल्यविशारदाची. अपघातात मुलीचा चेहरा विद्रूप झाला आहे आणि तो तिच्यासाठी दुसऱ्या मुलींचे चेहरे काढू पाहतो. फ्रांजू सांगायचा की निर्मात्याची बजावणी होती: फ्रेंच सेन्सॉर चिडेल म्हणून रक्त नको, इंग्रज चिडतील म्हणून प्राण्यांचे हाल नकोत, जर्मन चिडतील म्हणून माथेफिरू डॉक्टर नको. आणि कथेत तर हे तिन्ही होते.

त्यातला शस्त्रक्रियेचा प्रसंग जरूर नीट पाहा. डॉक्टर आधी पेन्सिलने चेहऱ्याभोवती रेघ आखतो. मग त्याच रेघेवरून सुरी फिरते आणि मागे गडद रेष उमटत जाते. मग चिमटे लागतात, एकामागून एक. कॅमेरा घाईने हलत नाही, भीती वाढवायला संगीत येत नाही, ऐकू येतात ते श्वास. आणि मग चेहरा उचलला जातो. हे सगळं कृष्णधवल, आज साठ वर्षांहून जास्त काळ लोटला तरी प्रेक्षक खुर्चीत आक्रसतात. उरलेल्या चित्रपटभर एदित स्कोब या अभिनेत्रीचा चेहरा गुळगुळीत पांढऱ्या मुखवट्याआड आहे. फक्त डोळे बोलतात. एक मुखवटा करायला असा किती खर्च आला असेल?

नंतरच्या पिढीने हीच वाट धरली. संगणकाने केलेले दृश्यपरिणाम चांगले हवेत तर महाग पडतात, आणि स्वस्तात केले तर लगेच ओळखू येतात. हाताचं काम त्यामानाने आवाक्यातलं. नटाच्या चेहऱ्याचा साचा घ्यायचा, त्यावर सिलिकॉनचा किंवा लेटेक्सचा तुकडा घडवायचा, कडा इतक्या पातळ करायच्या की कातडीत मिसळून जाव्यात. खालून बारीक नळी न्यायची आणि कॅमेऱ्याबाहेर बसलेल्या माणसाने नेमक्या क्षणी पिचकारी दाबायची. रक्त म्हणजे सहसा साखरेचा पाक आणि खायचा रंग. टेक चुकला तर सगळं पुसा, कपडे बदला, तुकडा नव्याने चिकटवा. कपड्यांचे जोड मोजके असतात, म्हणून टेकही मोजकेच मिळतात. परिणामी दिग्दर्शकाला दृश्य आधीच डोक्यात पक्कं करावं लागतं. नटही खरोखर चिकट, थंड, अवघडलेला असतो. ते पडद्यावर उतरतं.

या कलेत बनुआ लेस्तांग हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. वयाच्या विशीच्या आतच त्याने जाँ रोलाँच्या ‘ला मोर्त व्हिव्हाँत’ (१९८२) साठी काम केलं, आणि ‘मार्तीर’मधली शरीरंही त्याचीच. तो चित्रपट थिएटरात लागण्याच्या थोडं आधी, २००८ मध्येच, तो गेला. ‘मार्तीर’च्या शेवटाकडे एक दृश्य आहे. ते मी इथे सांगणार नाही, पण ते त्याच्या हातांशिवाय शक्य नव्हतं. एवढं वेदनेचं चित्रण असूनही त्यात एक विलक्षण स्तब्धता आहे.

हाताचं काम आणि संगणकाचं काम यांतला फरक एकाच चित्रपटात पाहायचा असेल तर ‘आ लँतेरिअर’ (२००७, इंग्रजीत ‘इनसाइड’) घ्या. अलेक्सांद्र ब्युस्तियो आणि जुलियँ मोरी यांचा हा पहिला चित्रपट. ब्युस्तियो तोवर ‘माद मूव्हीज’ या १९७२ पासून चालत आलेल्या भयपटांच्या मासिकात लिहायचा. नाताळची आदली रात्र, नवऱ्याच्या मृत्यूनंतर एकटी राहणारी, दिवस भरलेली बाई, आणि दाराबाहेर उभी असलेली एक अनोळखी स्त्री, जिला तिचं बाळ हवं आहे. हातात कात्री. ती स्त्री साकारली आहे बेआत्रिस दालने, आणि काळ्या कपड्यांतली ती पाठीमागच्या अंधारातून हळूच वेगळी होते ते दृश्य या प्रकारातल्या सर्वोत्तम दृश्यांपैकी आहे. घरातल्या जखमा, रक्त, फाटलेली कातडी हे सगळं हाताने केलेलं, आणि ते अंगावर येतं. पण अधूनमधून गर्भातलं बाळ दाखवलं आहे, ते संगणकावर केलेलं. ते दिसलं की तेवढ्यापुरता माणूस चित्रपटातून बाहेर फेकला जातो. त्या मोजक्या फ्रेम्स काढून टाकल्या असत्या तर काहीही बिघडलं नसतं.

हट्टी माणसाचा सिनेमा

जाँ रोलाँबद्दल (१९३८–२०१०) थोडं सविस्तर सांगायलाच हवं, कारण लो-बजेट फ्रेंच भयपटाच्या दोन्ही बाजू एकाच माणसात पाहायच्या तर त्याच्याकडे जावं. त्याचा पहिला लांबीचा चित्रपट ‘ल व्हिओल द्यू व्हाँपीर’ नेमका मे १९६८ मध्ये पॅरिसमध्ये लागला. रस्त्यांवर विद्यार्थ्यांचे मोर्चे, सगळीकडे संप, नवे चित्रपट लागत नव्हते. त्यामुळे लोक आले, आणि भडकले. कथा कळत नाही, पात्रं मरून पुन्हा येतात, संवाद स्वप्नात बरळल्यासारखे. मुळात लघुपट म्हणून केलेल्या कामाला पुढचा भाग जोडून तो लांबवला होता, ते जोडकाम उघड दिसत होतं. थिएटरात आरडाओरडा झाला, पडद्यावर वस्तू फेकल्या गेल्या.

रोलाँ त्यानेही बदलला नाही. नॉर्मंडीत दिएपजवळ पूर्व्हिल इथे गोट्यांचा एक समुद्रकिनारा आहे. पांढुरके कडे, पाण्यात शिरलेल्या जुन्या लाकडी खुंटांच्या रांगा. तो किनारा त्याच्या चित्रपटांत पुन्हा पुन्हा येतो. तिथे सेट लावायची गरज नाही आणि ती जागा कुठल्याही सेटपेक्षा परकी वाटते. ‘ला रोझ द फेर’ (१९७३) मध्ये एक तरुण जोडपं रात्री दफनभूमीत वाट चुकतं, एवढीच गोष्ट. शूटिंग आमियाँ शहरातल्या जुन्या, झाडाझुडपांनी वेढलेल्या दफनभूमीत. संपूर्ण चित्रपटात राक्षस नाही, खून करणारा नाही. थडगी, लोखंडी क्रूस, ओली पानं आणि हळूहळू बदलत जाणारी मुलगी. तो चालला नाही. पोट भरायला रोलाँने टोपणनावाने अश्लील चित्रपट केले आणि मधून मधून स्वतःचे चित्रपट करत राहिला.

त्याच्या चित्रपटांतला अभिनय बहुतेक वेळा कच्चाच. हौशी नटनट्या, नंतर बसवलेला आवाज, वाक्यं पाठ म्हटल्यासारखी. गती इतकी संथ की आजच्या प्रेक्षकाचा हात फोनकडे जातोच. हे सगळं मान्य करूनही मी म्हणेन की त्याच्या चित्रपटांतली दोन-चार चित्रं डोक्यातून जात नाहीत, आणि कोट्यवधींच्या भयपटांतली दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत. वाड्यातल्या उंच घड्याळाच्या पेटीतून मध्यरात्री बाहेर येणारी व्हॅम्पायर दुसऱ्या कुणाला सुचली नसती. वरून कुणी ‘हे प्रेक्षकाला कळेल का’ असं विचारणारा नव्हता, म्हणून हे शक्य झालं. आणि तसं विचारणारा कुणी नव्हता म्हणूनच त्याच्या पटकथा इतक्या विस्कळीत राहिल्या.

गोष्ट कुठे सुटते

पटकथा हाच या साऱ्या परंपरेचा दुखरा भाग आहे. फ्रान्समध्ये दिग्दर्शकाने स्वतःच लिहावं ही अपेक्षा खोल रुजलेली आहे. त्यातून वैयक्तिक, धाडसी सिनेमा मिळतो. पण भयपट हा फार काटेकोर प्रकार आहे. कुणाला काय माहीत आहे, कोण कुठे उभा आहे, दार कुठलं उघडं आहे, हे सगळं जुळावं लागतं आणि त्यासाठी मसुदे खरडावे लागतात, दुसऱ्याने ते निर्दयपणे तपासावे लागतात. नेमका त्यालाच वेळ आणि पैसा नसतो.

अलेक्सांद्र आजाचा ‘ओत तान्स्यों’ (२००३, ‘हाय टेन्शन’) हे याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण. दोन मैत्रिणी अभ्यासासाठी गावाकडच्या घरी येतात, रात्री एक माणूस जुनाट गाडी घेऊन दारात उभा राहतो. फिलिप नाओंने साकारलेला तो माणूस, त्याचा जड श्वास, मळका पोशाख. पहिला तासभर चित्रपट श्वास घेऊ देत नाही. नायिका पलंगाखाली लपली आहे आणि आपल्याला फक्त बूट दिसतात, असली साधी युक्ती इथे पुन्हा जिवंत होते. आणि मग शेवटाकडे एक धक्का येतो, जो आपण आधी डोळ्यांनी पाहिलेल्या प्रसंगांशी जुळत नाही. त्याचं समर्थन करणारे म्हणतात की आपण सगळं एका पात्राच्या नजरेतून पाहत होतो. तसं असेल तर त्याची खूण आधी कुठेतरी पेरायला हवी होती. ती मला तरी पुरेशी सापडत नाही. ‘इनसाइड’मध्येही शेवटच्या भागात मेला असं वाटलेला एक माणूस उठून चालू लागतो. का, कसा, याचं उत्तर चित्रपट देत नाही. त्याआधी घरात आलेले पोलीसही असे वागतात की त्यांना गोष्ट पुढे ढकलायलाच बोलावलं असावं.

दुसरा दोष क्रौर्याचा. २००४ साली जेम्स क्वांट या समीक्षकाने ‘आर्टफोरम’ या कलाविषयक मासिकात ‘न्यू फ्रेंच एक्स्ट्रीमिटी’, म्हणजे ‘नवा फ्रेंच अतिरेक’, असं नाव वापरलं. त्याचा रोख मुख्यतः कलात्मक चित्रपट करणाऱ्यांवर होता, आणि नाराजीचा होता. पुढे ते नाव या भयपटांना चिकटलं आणि जाहिरातीसारखं वापरलं जाऊ लागलं. मग ‘आणखी किती दाखवता येईल’ अशी चढाओढ लागली. वेदना सतत दाखवली की ती बोथट होते. तासाभराने प्रेक्षक घाबरत नाही, तो फक्त सहन करतो. शिवाय छळ सोसणारं शरीर बहुतेक वेळा बाईचंच. ‘मार्तीर’ या प्रश्नाला निदान सामोरा जातो. वेदना बघणाऱ्यांना त्यातून नेमकं काय हवं असतं हेच तो विचारतो, आणि म्हणून मी त्याला या सगळ्यांत वेगळं काढतो. त्याच्या अनेक भावंडांबद्दल तसं म्हणता येत नाही.

या बाबतीत खरी सुधारणा झाली ती दिग्दर्शिकांमुळे. मारिना द व्हानने ‘दाँ मा पो’ (२००२) मध्ये स्वतःच नायिका होऊन, स्वतःच्या कातडीशी चाललेला एका नोकरदार बाईचा भयंकर खेळ दाखवला. ज्युलिया द्युकूर्नोचा ‘ग्राव्ह’ (‘रॉ’) २०१६ मध्ये कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात दाखवला गेला. पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या रॅगिंगमध्ये शाकाहारी मुलीला सशाचं कच्चं मूत्रपिंड खायला लावतात आणि तिथून तिची भूक जागी होते. इथे रक्त आहे, पण त्याहून जास्त आहे बहिणी-बहिणींतली ओढ आणि चुरस. पटकथा घट्ट आहे, म्हणून थोडंसं दाखवलेलंही पुरतं. द्युकूर्नोच्या पुढच्या ‘तितान’ला २०२१ मध्ये थेट पाम दोर, म्हणजे कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, मिळाला. कोराली फार्जाने मोरोक्कोच्या वाळवंटात ‘रिव्हेंज’ (२०१७) केला आणि नंतर इंग्रजीत ‘द सबस्टन्स’ (२०२४), ज्याच्या रंगभूषेला ऑस्कर मिळालं. ते काम करणारे हात फ्रेंचच.

राजकारणाबद्दल थोडक्यात. २००५ च्या शेवटी क्लिशी-सू-ब्वा या उपनगरात पोलिसांपासून पळताना दोन मुलगे विजेच्या उपकेंद्रात मरण पावले आणि देशभर दंगली पेटल्या. ‘इनसाइड’मध्ये त्या दंगली टीव्हीवर आणि रस्त्यावर दिसत राहतात. झाव्हिए जाँच्या ‘फ्राँतिएर’मध्ये दंगलीतून पळालेले तरुण नाझी विचारांच्या कुटुंबाच्या तावडीत सापडतात. हेतू प्रामाणिक आहे, पण दोन्हीकडे ती आग मागच्या पडद्यापुरती राहते. उपनगरांतल्या माणसांबद्दल नवं काही कळत नाही.

आणि मग गळती. घरी चित्रपट पडतो, पण परदेशातल्या महोत्सवांत आणि डीव्हीडीवर नाव होतं, हॉलीवूडचा फोन येतो. आजा २००६ मध्ये ‘द हिल्स हॅव आइज’ करायला गेला. ‘ईल’ची जोडी ‘द आय’ (२००८) करायला, व्हालेत ‘वन मिस्ड कॉल’ (२००८) करायला, ब्युस्तियो-मोरी ‘लेदरफेस’ (२०१७) करायला. बहुतेक जण दुसऱ्यांच्या जुन्या गोष्टी नव्याने सांगायला गेले, आणि घरी राहून दुसरा, तिसरा, चौथा चित्रपट करत पटकथेची कला घोटायची ती राहून गेली. मला वाटतं पैशांच्या चणचणीपेक्षाही हे नुकसान मोठं आहे.

अलीकडचा ‘व्हेर्मीन’ (२०२३, ‘इन्फेस्टेड’) पाहून मात्र आशा वाटते. सेबास्तियँ व्हानिचेक उपनगरांतूनच आलेला. पॅरिसच्या पूर्वेला न्वाझी-ल-ग्राँमध्ये ‘आरेन द पिकासो’ नावाची, प्रचंड गोल दर्शनी भागांची वसाहत आहे. तिथे गोष्ट घडते. बूट विकणारा एक तरुण विषारी कोळी घरी आणतो, तो निसटतो आणि वाढत जातो. पोलीस इमारत बाहेरून बंद करतात. इथे दंगलीचा देखावा लावायची गरजच पडत नाही. आत कोंडलेली माणसं आणि बाहेरून दार लावणारी यंत्रणा, यात सगळं येतं. खरे कोळी आणि संगणकावरचे कोळी असे मिसळले आहेत की जिन्यातल्या दिव्याचं बटण दाबायलाही भीती वाटावी. पात्रं एकमेकांवर सारखी ओरडतात, अर्धा वेळ जुनी भांडणं उकरतात, हा जुना पटकथेचा रोग इथेही आहे. आणि व्हानिचेकलाही लगेच ‘ईव्हिल डेड’ मालिकेतल्या चित्रपटासाठी बोलावणं आलं.

पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्याने ‘लेझ्यू सां व्हिझाज’पासून सुरुवात करावी, मग ‘द नाइट ईट्स द वर्ल्ड’ आणि ‘व्हेर्मीन’. कोळ्यांची धास्ती असेल तर शेवटचा सोडून ‘मालेफीक’ पाहा. ‘रॉ’ त्यानंतर. रोलाँ बघायचा तर ‘ला रोझ द फेर’, पण गोष्टीची अपेक्षा न ठेवता. ‘इनसाइड’ गरोदर बाईने किंवा नुकतंच बाळ गमावलेल्या कुणीही पाहू नये, हे मी गांभीर्याने सांगतो. ‘मार्तीर’ सगळ्यात शेवटी, आणि मन खंबीर असेल तरच. शक्यतो मूळ फ्रेंच आवाज आणि सबटायटल्स निवडा. ‘हाय टेन्शन’ अमेरिकेत लावताना त्यातले बरेच संवाद इंग्रजीत डब केले होते आणि काही रक्तही कापलं होतं, त्यामुळे कुठली आवृत्ती समोर आहे ते आधी तपासून घ्या. आणि हेडफोन लावा, कारण या चित्रपटांनी त्यांच्याजवळचा थोडा पैसा जिथे जपून वापरला आहे, त्यातला बराचसा आवाजात आहे.